नेदरलँड्सला चाललात? बॅग भरायच्या आधी खळ्यात बसून हे ऐका

मी वेंगुर्ल्याची, गेली आठ वर्षं डेल्फ्टला राहतेय, आणि दरवर्षी मे महिन्यात घरी आले की खळ्यात, म्हणजे अंगणात, एक तरी आई आपल्या पोराला हाताला धरून घेऊन येते, "ह्येका जरा सांग गो, थंय कसा रवाचा ता." यावर्षी तर तीन जण आहेत. माझा सख्खा भाचा डेल्फ्टला, वाडीतली एक मुलगी आइंडहोव्हनला आणि शिरोड्याचा एक मुलगा वाखेनिंगनला शेतीचं शिकायला, तिघंही ऑगस्टमध्ये निघणार. तिघांना वेगवेगळं सांगून माझा घसा बसला म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय, मागाहून जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे घाबरू नका, आपली आणि त्यांची ओळख जुनी आहे. वेंगुर्ल्यातली डच वखार लहानपणापासून बघितलीयत ना, भिंतींवर झाडं उगवलेली? १६३७ साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी आदिलशाहाच्या परवानगीने इथे ठाणं टाकलं, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला हे बंदर सोयीचं होतं. म्हणजे ती गोरी माणसं आपल्या पावसात, आपल्या उकाड्यात, आपला भात-मासा खात इथे वर्षानुवर्षं राहिली, आणि त्यांना कोणी गाइड लिहून दिलं नव्हतं. तुम्हाला मावशी आहे.

आणि हो, तो देश नेदरलँड्स. हॉलंड म्हणजे १२ प्रांतांपैकी फक्त दोन, उत्तर आणि दक्षिण हॉलंड. आइंडहोव्हनच्या माणसाला हॉलंडवाला म्हणालात तर तो हसून दुरुस्त करेल, कारण आइंडहोव्हन ब्राबांटमध्ये येतं.

सगळ्यात आधी "नको नको" बंद करा

बाकी कागदपत्रं, सायकल, थंडी हे सगळं सहा महिन्यांत जमतं. वेळ लागतो तो या एका गोष्टीला, म्हणून आधी हीच सांगते.

आपल्याकडे पाहुण्याला लाडू दिला की तो आधी नको म्हणतो, मग अर्धाच द्या म्हणतो, मग अख्खा खातो, आणि उठता उठता यजमान दुसरा ताटात टाकतोच. ती ओढाताण म्हणजेच पाहुणचार, दोघांनाही ते ठाऊक असतं. डच घरात कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे येतो, तुम्ही एक उचलता, डबा परत आला की तुम्ही सवयीने नको म्हणता, आणि डबा झाकण लागून कपाटात जातो. संपलं. माझी देवगडची मैत्रीण पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एकीकडे १२ किलोमीटर सायकल मारत गेली होती, पोटात कावळे, तिथे पोचली तर ती मंडळी जेवायला बसतच होती, त्यांनी विचारलं आमच्याबरोबर जेवणार का, ही म्हणाली नको नको मी जेवून आलेय, आणि मग तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून त्या चौघांनी गरमगरम स्टाम्पॉट, म्हणजे भाजी घालून कुस्करलेला बटाटा आणि त्यावर सॉसेज, पोटभर खाल्लं. ती हे इतकं रंगवून सांगते की आम्ही दरवेळी हसून लोळतो. पण त्यांनी काही चुकीचं केलं नाही, त्यांनी तिच्या शब्दाचा मान ठेवला. तिथे तोंडातून निघालं ते खरं धरतात, त्यामागे वेगळं काय मनात असेल ते शोधत बसणं त्यांना अगोचरपणा वाटतो.

म्हणून जाताना एक शब्द शिकून जा, "ख्राख". अर्थ, आनंदाने, द्या की. भूक असेल तर ख्राख म्हणायचं, चहा हवा असेल तर ख्राख, कोणी सामान उचलायला मदत करू का विचारलं तरी ख्राख.

हीच गोष्ट उलट बाजूनेही आहे. तुमच्या प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये कोणीतरी सरळ म्हणेल की हा भाग चांगला झालेला नाही, मला पटला नाही. सगळ्यांसमोर. तुमचे कान तापतील, रात्री झोप येणार नाही, आणि तोच माणूस १५ मिनिटांनी येऊन विचारेल की जेवायला येतोस का, कारण त्याच्या दृष्टीने तो कामाबद्दल बोलला, तुमच्याबद्दल नाही. मालवणी माणूसही तोंडावर बोलणारा म्हणून प्रसिद्ध आहे, पण आपण घरच्या माणसाशी रोखठोक आणि परक्याशी गुळमुळीत बोलतो. तिथे सगळ्यांशी एकाच आवाजात. मला ते आता फार आवडतं खरंच, कारण कोणी चांगलं झालंय म्हटलं तर ते खरोखर चांगलं झालेलं असतं. तुम्हीपण तसंच बोला. प्रोफेसर असो की बॉस, नावाने हाक मारतात आणि काम जास्त झालं तर जास्त झालं म्हणून सांगायचं असतं, मान हलवून गप्प बसलात तर त्यांना वाटतं सगळं मजेत चाललंय.

अफस्प्राक

आपल्याकडे "येवा, कोकण आपलोच आसा" म्हणतात आणि माणूस खरंच येतो, दुपारी तीन वाजता, न कळवता, आणि चहा टाकला जातो. तिथे शब्द आहे अफस्प्राक, म्हणजे ठरवलेली भेट. मैत्रिणीकडे कॉफीला जायचं तरी दोघी डायरी उघडून बसतो आणि पुढच्या पंधरवड्यातला एखादा गुरुवार सापडतो. याचा अर्थ त्यांना तुम्ही नको असता असं नाही, उलट त्या गुरुवारी ती दुसरं काहीही ठेवत नाही, फोनकडे बघत नाही, दोन तास पूर्ण तुमचे. दहाला बोलावलं की दहाला जायचं, ट्रेन चुकली तर लगेच मेसेज करायचा. संध्याकाळी सहाच्या आसपास कोणाचं दार वाजवू नका, ती जेवणाची वेळ. हो, सहा. आपल्याकडे तेव्हा चहाची कपबशी नुकती विसळलेली असते.

वाढदिवसाला बोलावणं आलं तर तयारीनिशी जा. सगळे खुर्च्या गोल मांडून बसतात, आणि तुम्ही आत शिरलात की फक्त वाढदिवस असलेल्याचं नाही, तर त्याच्या आईचं, बायकोचं, भावाचं, शेजाऱ्याचंसुद्धा अभिनंदन करायचं, एकेकाशी हात मिळवून, "खेफेलिसिटेर्ट". मला हे सुरुवातीपासून पटलं, बाळाच्या बारशाला आपण आजीचंपण कौतुक करतोच की. केकचा एक तुकडा मिळतो. तुमचा स्वतःचा वाढदिवस असेल तर ऑफिसात किंवा लॅबमध्ये केक तुम्हीच न्यायचा, दुसरं कोणी आणेल म्हणून वाट बघू नका. आणि कोणाच्याही घरी टॉयलेटमध्ये भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं दिसेल, त्यावर सगळ्या गोतावळ्याचे वाढदिवस लिहिलेले असतात, रोज नजर पडावी म्हणून. त्यावर तुमचं नाव लिहिलं गेलं की समजा तुम्ही घरातले झालात.

कागद

हे नीट वाचा कारण इथूनच करून जायचंय. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांत तिथल्या नगरपालिकेत, खेमेन्तेत, नोंदणीसाठी जायचं असतं. तिथून बीएसएन, म्हणजे प्रत्येक रहिवाशाचा सरकारी ओळख क्रमांक, मिळतो आणि त्याच्याशिवाय पगार नाही, विमा नाही, सगळंच अडतं. नोंदणीला जन्माचा दाखला लागतो, इंग्रजीतला आणि अपॉस्टिल केलेला, म्हणजे आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणून मारलेला शिक्का. दाखला आजच कपाटातून काढून बघा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं नाव आणि तारीख असते, ते नाव घालून नवीन दाखला काढायला ग्रामपंचायतीत खेपा होतात आणि जुलैमध्ये भरपावसात त्या कोणालाच नको असतात. भाच्याच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं निघालं, आम्ही मेमध्येच बघितलं म्हणून वाचलो.

घर शोधताना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच की या पत्त्यावर नोंदणी करता येईल का. नाही म्हणाला तर घर कितीही छान असो, सोडा. आणि घर बघितल्याशिवाय, निदान ओळखीच्या कोणी जाऊन बघितल्याशिवाय, डिपॉझिट पाठवू नका. घरांची टंचाई आहे, पोरं घाईत असतात, आणि नसलेल्या खोल्या भाड्याने देणारे लोक याच मोसमात जाळं टाकून बसलेले असतात.

जाहिरातीत तीन शब्द येतात. "खेम्यूबिलेर्ट" म्हणजे फर्निचरसकट. "खेस्टोफेर्ट" म्हणजे जमीन घातलेली, बहुतेक वेळा पडदे लावलेले. आणि "काल" म्हणजे उघडं. उघडं म्हणजे किती उघडं? जमिनीवर लाकडी पट्ट्या किंवा कार्पेट काही नाही, खाली नुसतं सिमेंट, वर छतातून दोन वायरी लोंबतायत. आधीचा भाडेकरू जाताना जमीन सोलून घेऊन गेलेला असतो! आमच्या ओळखीतलं सावंतवाडीचं एक जोडपं पहिल्यांदा काल घरात शिरलं तेव्हा त्यांना वाटलं चोरी झालीय. चोरी नाही, ती त्यांची रीत.

बॅगेत काय

हापूस नाही. मला माहितीये प्रत्येक आईचा पहिला प्रश्न हाच असतो, पण युरोपियन युनियनमध्ये ताजी फळं न्यायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे फळाला कीड-रोग नाही असा सरकारी दाखला, लागतं, त्यातून सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. म्हणजे आंबा नाही, फणस नाही, पण नारळ चालतो. ताजा कढीपत्ता नको. साजूक तूप, पेढे, खवा नको, दुधाचे आणि मटणाचे पदार्थ बंदच आहेत. मासळी मात्र चालते, माणशी २० किलोपर्यंत, तेव्हा सुकट आणि सुके बांगडे न्यायला कायद्याची हरकत नाही, फक्त तीन पिशव्यांत गच्च बांधा, नाहीतर बॅगेतल्या सगळ्या स्वेटरांना तो वास वर्षभर पुरतो.

न्यायचंच ते म्हणजे आमसुलं, तिरफळं, कुळथाची पिठी, मालवणी मसाला, भाजणी, आणि खाजं. नारळाच्या दुधाचे डबे तिथे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात, पण कोकम तसं हाताशी मिळत नाही, आणि सोलकढीशिवाय राहता येतं असं मला कोणी सांगू नये. कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या, कारण तिथे पुष्कळ घरांत इंडक्शन शेगडी असते आणि आपला साधा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. आपले प्लग तिथे बसत नाहीत म्हणून दोन अॅडॅप्टर. आणि एक प्लास्टिकचा मग घ्या. तिथे टॉयलेटात फक्त कागद असतो, हे लाजून कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

छत्री घरीच ठेवा. आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तिथे वर्षभरात मिळून साडेआठशेच्या आसपास, पण तो बारा महिन्यांवर पसरलेला आणि आडवा, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर. छत्री दुसऱ्या कोपऱ्यावर उलटी होते. तिथे लागतं ते इरलं. आजोबा लावणीला जाताना डोक्यावरून पाठीवर घ्यायचे ना, हात मोकळे राहायचे, तसं, म्हणजे रेनकोट आणि वर रेनपँट, तिथेच विकत घ्या, चांगल्यातलं घ्या. पाऊस किती मिनिटांत येतोय ते दाखवणारं बाउनराडार नावाचं अॅप आहे, ते उघडून बघितल्याशिवाय तिथे कोणी घराबाहेर पडत नाही.

सायकल

माणसं १ कोटी ८० लाख आणि सायकली त्याहून जास्त, सव्वादोन कोटींच्या पुढे. युट्रेख्त स्टेशनखाली एकट्या १२,५०० सायकली ठेवायची जागा आहे, स्वतःची कुठल्या रांगेत लावली त्याचा फोटो काढून ठेवा.

सेकंडहँड सायकल घ्या, नवी चकचकीत चोरीला जाते. कुलपं दोन, एक मागच्या चाकाचं आणि एक जाड साखळी, साखळी खांबाला किंवा स्टँडला अडकवायची. बऱ्याच सायकलींना हँडलला ब्रेक नसतो, पेडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो, पहिल्या दिवशी मोकळ्या जागेत हे करून बघा. रस्त्याच्या उजव्या बाजूने, वळताना हात दाखवून. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले, त्यांना ते शार्कचे दात म्हणतात, आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असली की थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. तसं काहीच नसेल तर उजवीकडून येणारा आधी. ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडा, रुळांच्या दिशेने गेलात तर चाक खाचेत अडकतं. अंधार पडला की पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, नाहीतर दंड. हातात फोन धरून चालवायला २०१९ पासून बंदी आहे. आणि लाल डांबराचा पट्टा दिसला की तो सायकलींचा, त्यावर उभं राहून आईला व्हिडिओ कॉल करायचा नाही, मागून घंटी वाजवत येणाऱ्या ७५ वर्षांच्या आजीबाई ब्रेक दाबणार नाहीत, त्यांना खात्री असते तुम्ही बाजूला व्हाल.

ट्रेन-बसला चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात तर पैसे जास्त जातात. बस एवढंच.

डॉक्टर

ताप आला म्हणून सरळ हॉस्पिटलात जाता येत नाही. आधी फॅमिली डॉक्टर, हॉइसआर्ट्स, आणि त्याच्याकडे बरे असतानाच नाव नोंदवायचं, कारण बऱ्याच जणांकडे जागा भरलेली असते. तो बहुतेक वेळा पॅरासिटामॉल घ्या आणि आराम करा म्हणेल, अँटिबायोटिक सहज देत नाही. पण इथेही तेच, तुमच्या शब्दावर तो जातो. "थोडं दुखतंय" म्हणालात तर तो थोडंच समजतो. सहन करून करून सांगू नका, किती दिवस, कुठे, रात्री जाग येते का, काम होत नाही का, सगळं सरळ सांगा, आणि मला तपासणी हवी असं वाटत असेल तर तेही म्हणा, राग येत नाही त्याला. जिवावरचं असेल तर ११२. नोकरी करणार असाल तर आरोग्यविमा सक्तीचा, वर्षाचे पहिले ३८५ युरो तुमच्या खिशातून, पण हॉइसआर्ट्सला भेटायला त्यातून पैसे जात नाहीत, म्हणून जायला कचरू नका.

खाणं

दुपारचं जेवण म्हणजे ब्रेड आणि चीज, नाहीतर ब्रेडवर चॉकलेटचे दाणे, मोठी माणसंसुद्धा. गरम जेवण दिवसातून एकदा. तुम्ही डब्यात भात-आमटी न्या, कोणी काही म्हणत नाही, वासावरून विचारतील, तेव्हा एक चमचा द्या. सुपरमार्केटात "कार्नमेल्क" नावाचा डबा मिळतो, ते आपलं ताक. आलं, मिरची, मीठ, कोथिंबीर घातली की घरी पोचलात. नळाचं पाणी सरळ प्यायचं, विकत घेऊ नका. घेतलीच तर बाटली टाकू नका, छोट्या बाटलीवर आणि कॅनवर १५ सेंट, मोठ्या बाटलीवर २५ सेंट जमा असतात, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की परत मिळतात.

मासे. बांगडा म्हणून मागायचा तो "माक्रेल", आपल्यापेक्षा मोठा, जास्त तेलाचा, सुपरमार्केटात बहुतेक धुरावलेला, ताजा हवा असेल तर बाजारात. आणि जूनमध्ये नवीन हेरिंग येतो, मीठ लावून मुरवलेला, न शिजवलेला, वर बारीक कांदा, शेपटीला धरून मान वर करून खातात. कोकणातल्या माणसाला कच्चा मासा म्हटलं की शहारे येतात, पण खारवलेला बांगडा खाल्लेल्या जिभेला तो परका लागत नाही, एकदा खाऊन बघाच.

भाजीसाठी हेगचा मोठा बाजार, डेल्फ्टहून अगदी जवळ. तिथे भेंडी, शेवग्याच्या शेंगा, ओला नारळ, कढीपत्ता, सगळं मिळतं, आणि विकणारे अनेकदा सुरिनामचे हिंदुस्तानी. १८७३ साली लल्ला रूख नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून यांच्यातले पहिले लोक मजुरीला सुरिनामला गेले, तो तेव्हा डचांचा मुलूख होता, आणि १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र होताना त्यांच्या पिढ्यांपैकी पुष्कळ जण नेदरलँड्सला आले. त्यांच्या सरनामी बोलीतले शब्द तुम्हाला हिंदीच्या बळावर कळतात. एका भाजीवाल्या काकांनी मला कुठून आलीस विचारलं, मी कोकण म्हटलं, त्यांनी कोकण कधी ऐकलं नव्हतं, पण दोन शेंगा जास्त टाकल्या. त्यांना मात्र मी सवयीने नको नको म्हटलं आणि त्यांनी अजून एक टाकली!

बाबा आणि पोल्डर

तीन वर्षांपूर्वी बाबांना मी भातकापणी झाल्यावर नोव्हेंबरात तिकडे नेलं. आमची खाडीकाठी थोडी खाजणजमीन, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेली जमीन, आहे, बाबांचं आयुष्य बांध धरण्यात गेलं, उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांध बघायला जाणं, कुठे खेकड्याने भोक पाडलं का, कुठे पाणी पाझरतंय का. विमान उतरताना मी सांगितलं की हा विमानतळ समुद्राच्या पातळीपेक्षा सुमारे तीन मीटर खाली आहे, तर ते खिडकीतून बाहेर बघत गप्पच झाले. मग म्हणाले, "मगे बांध खंय आसा?" तिथे इतकी वर्षं राहून मला हा प्रश्न पडला नव्हता.

देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रपातळीखाली आहे. बांध घालून, पाणी उपसून काढलेली जमीन म्हणजे पोल्डर, आपल्या खाजणाचंच मोठं रूप. पाणी सांभाळायला वेगळी मंडळं आहेत, वाटरस्खाप म्हणतात, देशभरात २१, त्यांची मुळं तेराव्या शतकातली आणि त्यांच्यासाठी दर चार वर्षांनी वेगळी निवडणूक होते. मी बाबांना १९५३ सालची गोष्टही सांगितली, ३१ जानेवारीच्या रात्री उधाण आणि वादळ एकत्र आलं, बांध फुटले, १८३६ माणसं गेली, आणि त्यानंतर त्यांनी समुद्राच्या तोंडावर ते प्रचंड बंधारे आणि दरवाजे बांधले. बाबांनी आकडा पुन्हा विचारला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले ते दीड तास परत येईनात. मी शोधत गेले तर गावाबाहेरच्या पाटाच्या काठी एक शेतकरी लांब दांड्याच्या फावड्याने पाटातलं शेवाळ आणि गवत ओढून काढत होता, आणि पलीकडच्या काठावर बाबा दुसरं फावडं घेऊन तेच करत होते. शरदात वाटरस्खापची तपासणी असते, त्याआधी ज्याच्या त्याने आपल्या जमिनीलगतचा पाट साफ करायचा असतो. बाबांना डच येत नाही, त्याला मालवणी येत नाही. बाबा म्हणत होते, "हय खोल कर, हय पाणी थांबताला," आणि तो "या, या", म्हणजे हो हो, करत तिथे खोल करत होता. मग त्याने घरी नेऊन कॉफी दिली, डबा पुढे केला, बाबांना मी शिकवून ठेवलं होतं, त्यांनी खणखणीत "ख्राख" म्हटलं आणि दोन बिस्किटं घेतली. निघताना त्याने डायरी काढून विचारलं, गुरुवारी दहाला जमेल का. बाबा वळून मला म्हणाले, "बेस्तवारी धा वाजता माका अफस्प्राक आसा," आणि गुरुवारी पावणेदहापासून बूट घालून दारात उभे.

वाखेनिंगनला चाललेल्या पोराला मी म्हणूनच सांगितलं की जायच्या आधी एकदा बाबांबरोबर खाजणात जाऊन ये, उघडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कशी बंद होते ते बघ, खारं पाणी शिरलं की भाताचं काय होतं ते विचारून घे. तिथे वर्गात कोणी विचारेल की तुमच्याकडे काय करतात, तेव्हा तुझ्याकडे सांगण्यासारखं असेल.

भाषा, आकडे आणि घड्याळ

इंग्रजीवर चालतं, पण डच शिका. आपल्याला एक गोष्ट फार सोपी जाते. पंचवीसला ते "फाइफ-एन-ट्विन्टिख" म्हणतात, पाच आणि वीस. अठ्ठेचाळीस म्हणजे आठ आणि चाळीस. इंग्रजीवाले यात गोंधळतात, आपण पहिलीपासून असंच म्हणत आलोय, एकं आधी, दहं मागून. ख चा उच्चार घशातून खरवडून करायचा, तोही जमेल. वयस्कर माणसाला "यू" म्हणा, आपल्या अहोजाहोसारखं, बरोबरीच्यांना "ये".

घड्याळात मात्र जपा. "हाल्फ द्री" म्हणजे साडेतीन नाही. तिसऱ्याच्या दिशेने अर्धं गेलेलं, म्हणजे अडीच. अडीच हा शब्द आपल्याकडे आहे म्हणून निदान हे एक लक्षात ठेवा आणि त्यावरून बाकीचे लावा, "हाल्फ फीर" साडेतीन, "हाल्फ फाइफ" साडेचार. पहिल्या वर्षी बहुतेक सगळेच एकदा तरी तासभर उशिरा पोचतात.

डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला अंधार. तेव्हा मन उदास होतं, हे होणारच म्हणून आधीच सांगते, खोलीत एकटं बसू नका, दुपारी उजेड असताना बाहेर पडा, कोणाला तरी घरी बोलवा, अफस्प्राक करून. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने हलतात, त्यामुळे उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार.

घरी फोन करायचा तर दर शनिवारी हाल्फ द्रीला करा. उन्हाळ्यात तेव्हा इथे सहा वाजलेले असतात, माडाच्या झावळ्या गोळा करून झालेल्या असतात, तुळशीकडे दिवा लावायला अजून वेळ असतो, आणि आई खळ्यात फोन घेऊनच बसलेली असते. हिवाळ्यात सात वाजतात, दिवा लावून झालेला असतो. "कसो आसस" विचारलं तर नुसतं "बरो" म्हणू नका, काय जेवलात ते सांगा.